खेळण्यातल्या गाडीचा सांगाडा आणि वर्ध्याची कसोटी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, भाषा बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-चार जण हसले, ते मला दिसलं. हसायला हरकत नाही. समीक्षा म्हटली की आपल्याला पुस्तक आठवतं, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. आणि मी इथे रिमोटवर चालणाऱ्या एका हातभर गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर बोलायला उभा आहे. पण वर्धा जिल्ह्यात वस्तूची समीक्षा ही काही नवी गोष्ट नाही. मगनवाडीतलं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडलं. तिथले चरखे आपण नमस्कार करून बघतो आणि बाहेर येतो. खरं तर त्यातला प्रत्येक चरखा म्हणजे आधीच्या चरख्यावर केलेली टीका आहे. हा जड होता, म्हणून हलका केला. हा उचलून नेता येत नव्हता, म्हणून घडीचा केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी गाडी कोणती ते सांगतो. हिला 'रॉक क्रॉलर' म्हणतात. खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची, वजन साधारण अडीच-तीन किलो. ही पळत नाही. माणूस चालतो त्यापेक्षा हळू जाते आणि खडकावर चढते. चारही चाकांना ताकद मिळते, पुढचा आणि मागचा आख वरखाली झुलतो, चाकं मऊ रबराची. वेगाच्या गाड्यांत आधी कोण पोचलं ते बघतात. इथे कुठून गेली आणि उलटली का, एवढंच बघतात.

या गाडीत मोटर विकत येते, बॅटरी विकत येते, रिमोट आणि चाकं विकत येतात, गिअरसुद्धा. राहतो तो मधला सांगाडा, ज्याला सगळे चेसिस म्हणतात. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, शिडीसारखे. वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत, पुलगावात, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बसून पूर्णपणे घडवता येईल असा या गाडीतला हा एकच मोठा भाग. म्हणून मी यावरच बोलतो. बाकीच्या भागांत तुम्ही निवड करता, पण सांगाड्यात तुम्हाला निर्णय घ्यावे लागतात.

आता गाडीपुढे प्रश्न काय असतो? तो आपल्याकडच्या पोरांना तान्ह्या पोळ्यापासून ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकावरचा लाकडी नंदी ओढत पोरं घरोघरी बोजारा मागत फिरतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. नंदी सिमेंटच्या रस्त्यावर नीट चालतो आणि खडबडीत गल्लीत आला की डुगडुगतो. एक चाक हवेत राहतं. का? तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही, कारण तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतातच. चौरंग डुगडुगतो, कारण चौथ्या पायाला जमिनीनं कबूल व्हावं लागतं. आपल्या बैलबंडीला हा त्रास नाही. तिला चाकं दोन, आणि तिसरा टेकू जुवावर, बैलांच्या खांद्यावर. ती हिशेबानं तिवईच आहे. चार चाकांची वस्तू खडकावर नेली की नंदीचा प्रश्न उभा राहतो.

क्रॉलर त्याचं उत्तर असं देते की सांगाडा ताठ ठेवायचा आणि आख झुलू द्यायचे. प्रत्येक आख चार दांड्यांनी सांगाड्याला टांगलेला असतो. खालच्या दोन दांड्या मागेपुढे होऊ देत नाहीत, वरच्या दोन तिरप्या असतात म्हणून आख बाजूला सरकत नाही. वरखाली आणि पिळून झुलायला मात्र मोकळा. या दांड्यांची भोकं सांगाड्यावर नेमकी कुठे आहेत, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. भोक पाच मिलिमीटर वर गेलं की चढावर नाक उचलण्याची सवय बदलते. म्हणजे सांगाड्याचं पहिलं काम ताकद दाखवणं हे नाही. भोकं जिथे असायला हवीत तिथेच धरून ठेवणं, हे आहे.

आणि इथेच माझी पहिली तक्रार आहे. घरी केलेले बरेच सांगाडे मी पाहतो, ते जाड असतात. तीन मिलिमीटरची सपाट लोखंडी पट्टी, लेझरनं कापलेली, मध्ये शोभेची त्रिकोणी भोकं, वर काळा रंग. बघणारा म्हणतो, वा, काय भक्कम! मी विचारतो, कशासाठी भक्कम?

थोडं गणित करू, घाबरू नका. वस्तू सगळ्या बाजूंनी दहापट लहान केली की पट्टीचा छेद शंभरपट लहान होतो, पण वजन हजारपट कमी होतं. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तुलनेत लहान गाडी मोठीपेक्षा आपोआपच दहापट मजबूत असते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकत नाही. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं नेते, त्यामागे हेच कारण आहे. खऱ्या जीपचा सांगाडा तुटण्याची भीती असते, म्हणून तो जाड असतो. त्याची नक्कल करून खेळण्याचा सांगाडा जाड केला, तर आपण नसलेल्या भीतीचा इलाज केला.

बरं, जाडीनं निदान ताठपणा तरी मिळतो का? तीस सेंटिमीटर लांब, पंचवीस मिलिमीटर उंच, तीन मिलिमीटर जाड अशी सपाट पट्टी घ्या. वजन भरतं सुमारे १७७ ग्रॅम. आता १.६ मिलिमीटरचा, म्हणजे सोळा गेजचा पत्रा घ्या. उंची तीच पंचवीस, पण वरखाली दहा-दहा मिलिमीटरचे काठ आत वळवा. इंग्रजी सी अक्षरासारखा आकार झाला. याचं वजन सुमारे १५८ ग्रॅम. हलकी झाली. उभ्या वाकण्याला ती सपाट पट्टीच्या जवळजवळ दीडपट ताठ, आणि आडव्या वाकण्याला सुमारे दहापट ताठ. दहापट! धातू कमी लागला, ताठपणा वाढला. कारण ताठपणा धातूच्या वजनात नसतो, धातू कुठे ठेवला त्यात असतो. आपल्या घरावरचा टिनाचा पत्रा नागमोडी का असतो? सपाट असता तर त्यावर मांजरही चाललं नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जाड सपाट पट्टीचा सांगाडा ही अलंकारिक भाषा आहे. आशय नसताना मोठे शब्द वापरावेत तसं. आणि वळवलेला पातळ पत्रा ही नेमकी भाषा आहे.

दुसरी गोष्ट वजनाच्या जागेची. गाडी आडव्या उतारावर केव्हा उलटते? दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर समजा २०० मिलिमीटर. गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ८० मिलिमीटर उंच असेल तर साधारण ५१ अंशांच्या उतारापर्यंत ती तग धरते. तोच मध्य १०० मिलिमीटरवर गेला की ४५ अंशांवर कलंडते. वीस मिलिमीटरची, म्हणजे दोन बोटांपेक्षाही कमी उंचीची ही किंमत आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर दबतो, म्हणून याहूनही आधीच उलटते. आता ज्यानं हौसेनं बॅटरी सांगाड्याच्या वर ठेवली, त्यावर लोखंडी कॅरिअर लावला, कॅरिअरवर खोटा जॅक आणि खोटे डबे बांधले, त्याची गाडी फोटोत देखणी दिसेल. पवनारला धाम नदीच्या पात्रातल्या काळ्या खडकावर नेली की समजेल. बॅटरी खाली, पुढच्या आखाकडे. चढताना वजन मागे सरकतं, म्हणून पुढचा भाग थोडा जड असलेला चांगला. पोटाखालची पट्टी लोखंडाची केली तरी चालेल, कारण तिथलं वजन कामाचं आहे. वरच्या लोखंडाचं मात्र नुसतं ओझं होतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग ॲल्युमिनियमच का नको?)

चांगला प्रश्न. ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८५, म्हणजे तेवढ्याच मापात एक तृतीयांश वजन. पण ताठपणाही सुमारे एक तृतीयांशच. तेव्हा फायदा आहे, पण फुकटचा नाही. आणि एक घोटाळा नेहमी होतो. दुकानात '६०६१ टी-६' नावाचं ॲल्युमिनियम मिळतं, ते मजबूत म्हणून लोक घेतात आणि काटकोनात वळवायला जातात. वळणावर बारीक चीर जाते. वळवायचं असेल तर '५०५२' जातीचं घ्यावं, ते ऐकतं. ६०६१ हे कापून, भोकं पाडून वापरायचं. साधा पोलादी पत्रा मात्र वाइसमध्ये दोन अँगलच्या मध्ये धरून लाकडी हातोड्यानं सावकाश वळवला तर वळतो. त्याचा दोष म्हणजे गंज. जुलैत ओला खेळवला आणि तसाच ठेवला तर ऑगस्टमध्ये लाल झालेला दिसेल. रेड ऑक्साइड मारा, विषय संपला.

करताना चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण समीक्षकानं नुसतं नाक मुरडून चालत नाही. एक, भोकं आधी पाडायची आणि मग वळवायचं असेल तर वळणाच्या अगदी जवळ भोक नको. पत्रा ताणला जातो आणि गोल भोक लांबट होतं. दोन, डावी आणि उजवी पट्टी वेगवेगळी आखू नका. दोन्ही पत्रे एकावर एक घट्ट धरून एकदमच भोकं पाडा. मग भोक चुकलं तरी दोन्हीकडे सारखं चुकेल आणि गाडी वाकडी चालणार नाही. तीन, जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सुतार चौकटीचे कर्ण मोजतो तसेच. सारखे आले तरच स्क्रू आवळा. चार, पत्र्यातच आटे पाडून एम-३ चा स्क्रू बसवू नका. त्या स्क्रूचा एक आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम तीन आटे. दोन-तीनदा खोलला की घसरतो. मागून नट लावा, नायलॉनचा. आणि पाचवी गोष्ट, वेल्डिंग टाळा. एवढ्या पातळ पत्र्याला साध्या वेल्डिंगनं भोक पडतं, आणि नाही पडलं तरी उष्णतेनं पट्टी पिळते. त्याहून मोठं कारण असं की वेल्ड केलेलं खोलता येत नाही. खोलता आलं नाही तर दुरुस्ती नाही, आणि बदलही नाही.

दुरुस्तीवरून मी वर्ध्याच्या कसोटीकडे येतो. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं आणि सहज हलवता येणारं हवं. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालायला हवं. आठ तास काम करून बाई फार थकता कामा नये. आठ तासांत बारा ते वीस नंबरचं १६,००० फूट सूत निघायला हवं. हिंदुस्थानात बनवून किंमत दीडशे रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकायला हवं. आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण मी म्हणतो, वस्तूवरच्या समीक्षेचा एवढा नेमका नमुना आपल्याकडे फार थोडा सापडेल. 'सुंदर' हा शब्द त्यात नाही, 'आधुनिक' हा शब्द नाही. कोण वापरणार, किती थकणार, मोडलं तर काय, एवढंच आहे.

ही कसोटी आपल्या गाडीला लावा. ती खेळणं आहे, सूत काढणार नाही, मान्य. पण मोडलं तर काय, हा प्रश्न तिलाही विचारता येतो. विकतच्या गाडीवर लोक चमचमणारे निळे-लाल धातूचे भाग बसवत जातात, एक-एक करून. ते मोडले की पुन्हा मागवायचे आणि पार्सलची वाट बघत बसायचं. पत्र्याचा सांगाडा वाकला तर तो अर्ध्या तासात सरळ होतो, कारण ज्यानं वळवला त्याला उलटा कसा वळवायचा ते माहीत असतं. ही दुरुस्तीची क्षमता सांगाड्यात असते आणि ती माणसातही तयार होते. माझ्या मते याच कारणासाठी सांगाडा घरी करावा. पैसे वाचतात म्हणून नव्हे, कारण बहुतेक वेळा ते वाचत नाहीत.

इथे शिक्षणाचा मुद्दा येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम आली. हाताच्या उद्योगातून गणित, विज्ञान, भाषा शिकवायची. झाकीर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. तेव्हाच शंकाही निघाल्या होत्या. प्राध्यापक के. टी. शहा यांनी मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढण्याच्या कल्पनेला हरकत घेतली होती, आणि ती हरकत आजही वजनदार वाटते. मुलाची वस्तू बाजारात विकायची ठरली की मास्तरचं लक्ष मुलावरून वस्तूवर जातं. पण उद्योगातून शिकणं हा भाग त्यानं खोटा ठरत नाही. मी मघाशी बोललो त्यात काय काय आलं बघा. घन आणि वर्ग, टॅन्जंट, घनता, कर्ण, गंज. सातवी ते दहावीचं अर्धं विज्ञान एका हातभर सांगाड्यात बसलंय, आणि उत्तर चुकलं तर लाल पेनाची गरज नाही, गाडी उलटते.

आता २०१६ पासून शाळांमधून अटल टिंकरिंग लॅब आल्या. शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. उद्देश चांगला आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. माझा प्रश्न तिथल्या कुठल्याही वस्तूला एकच आहे. हा संच जोडताना मुलाला कुठे चुकायची मोकळीक आहे? सगळी भोकं आधीच पाडलेली असतील, प्रत्येक स्क्रूची जागा चित्रात दिली असेल, तर मूल सूचना वाचायला शिकतं. तेही शिकावं. पण त्याला बनवणं म्हणू नये. त्या संचात एक कोरा पत्रा ठेवा, कानस ठेवा, पुठ्ठा आणि कात्री ठेवा. आधी पुठ्ठ्याचा सांगाडा, मग पत्र्याचा. एवढ्यानं फरक पडेल.

आणि शेवटची तक्रार, जी मला सगळ्यात टोचते. शहरातल्या मुलानं पत्रा वळवला की आपण त्याला 'मेकर' म्हणतो, 'इनोव्हेटर' म्हणतो. तेच काम लोहार पिढ्यान्‌पिढ्या करतो, त्याला आपण काय म्हणतो? बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना तो ती लाल होईतो तापवतो, चाकावर बसवतो, वर पाणी ओततो. ती आकसते आणि सगळे आरे आवळून धरते. एक खिळा नाही. कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजात हे 'श्रिंक फिट' म्हणून शिकवतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून मुलासाठी छोटी जीप केली. तिला दुचाकीसारखी किक मारायची. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्याबद्दल लिहिलं आणि जानेवारीत जीपच्या बदल्यात बोलेरो दिली. आनंद झाला सगळ्यांना, मलाही. पण आपल्या गप्पांत काय उरलं? 'जुगाड' हा शब्द, खर्चाचा आकडा आणि बोलेरो. सांगाडा कसा केला, वजन कुठे ठेवलं, स्टिअरिंग कसं जुळवलं, हे आपण विचारलं का? कौतुक केलं, समीक्षा केली नाही. आणि माझ्या लेखी समीक्षा हा जास्त मोठा मान आहे. ज्याच्या कामातले निर्णय तुम्ही ओळखता, त्याला तुम्ही बरोबरीचा मानता. नई तालीमचा एक हेतू हाही होता की हाताच्या कामाकडे खालच्या नजरेनं बघणं शाळेतच सुटावं. मुलं रिमोटच्या गाड्यांचे सांगाडे करू लागली आणि तरी गावातल्या लोहाराला काय येतं हे त्यांना कळलं नाही, तर आपण जुनीच नजर नव्या खेळण्यावर चढवली, एवढंच होईल.

(श्रोत्यांमधून : सर, थ्रीडी प्रिंटनं सांगाडा केला तर?)

करा ना. ताकदीसाठी धातूच हवा असं नाही, हे मी स्वतःच सांगितलं. मोटरची बैठक, सर्व्होचा आधार, हे प्रिंट केलेले उत्तम चालतात. धातूची बाजू मी घेतो ती एवढ्यासाठी की ती हत्यारं जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि ती वापरणारा शिकवायला जिवंत माणूस आहे. सेलूत, देवळीत, समुद्रपुरात वाइस आणि ड्रिल कुठेही सापडेल.

तेव्हा या विषयात उतरणाऱ्यांना तीन गोष्टी सुचवतो. सांगाड्याचा फोटो टाकाल तर सोबत वजन लिहा आणि गाडी किती अंशांवर उलटली ते लिहा. पाट तिरपा करून कोनमापकानं मोजता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. पहिला सांगाडा पुठ्ठ्याचा करा आणि तो फेकू नका, त्यावर काय बदललं ते लिहून ठेवा. आणि पत्रा वळवायला लोहाराकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर काम टाकून निघून येऊ नका. तिथे थांबा, त्यांचा हात बघा, त्यांना विचारा की हे तुम्ही कसं केलं असतं. त्यांनी वेळ दिला तर वेळेचे पैसेही द्या.

मी थांबतो. आता प्रश्न असतील ते घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, आधी त्या बोलू देत.